मंगळवारची हजेरी

धम्मदिना रोकडे यांचा आवाज मोठा आहे. त्यांच्याबद्दल विचारलं की सगळे आधी हेच सांगतात. नवरा सांगतो, शाळेचे मुख्याध्यापक सांगतात आणि त्यांच्याविरुद्ध फिर्याद देणारं कुटुंबही सांगतं. फिर्यादीत ते वाक्य असं आहे : ‘सदर शिक्षिका वर्गात नेहमी मोठमोठ्याने ओरडतात.’

या आवाजाचं मूळ भिवंडीच्या निजामपुऱ्यात आहे. त्यांचं लहानपण तिथल्या एका भाड्याच्या खोलीत गेलं. भिंतीपलीकडे कापडाचे सोळा लूम चालत. वडील त्याच लूमवर बारा तासांची शिफ्ट करत, आई मीराबाई घरात बसून सुताच्या कांड्या भरी. मीठ मागायचं तरी यंत्रांच्या वरच्या पट्टीत मागावं लागे. वडिलांना चाळिशीतच ऐकू येईनासं झालं. डावा कान आधी गेला. वडिलांशी बोलायचं तर उजवीकडे बसायचं, हे धम्मदिनाबाईंना आठव्या वर्षीच कळलं होतं. एका कानाने ऐकणारा माणूस हाकेला लगेच वळत नाही; आधी मान थोडी चुकीच्या दिशेला जाते, मग परत येते. ही हालचाल त्यांनी घरात वीस वर्षं पाहिली.

डी.एड. करून त्या जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. शेवटची सहा वर्षं त्या वळ गावाच्या पलीकडच्या एका गावात होत्या. शाळेच्या मागे पूर्वी भातशेती होती, आता तिथे निळ्या पत्र्यांची गोदामं आहेत. जमिनी गावच्या लोकांच्याच. गोदामांत काम करणारी माणसं बाहेरची, आणि ती राहतात गावच्याच लोकांनी बांधलेल्या चाळींत. सहावीच्या वर्गात चौदा मुलं होती. नऊ गावची आणि पाच चाळीतली.

गावची मुलं लग्नसराईत शाळेत येत नाहीत. हळद आणि लग्न मिळून दोन दिवस घर बंद असतं, नातं जवळचं असेल तर तीन. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि हजेरीपत्रकात ते कुठेही दिसत नाही. हजेरी कमी पडली की वरून खुलासा मागवतात. पट घसरला की शिक्षकाचं एक पद जातं. आदल्या वर्षी एक गेलंही होतं. त्यामुळे हळदीच्या दिवशी गैरहजर मुलांच्या नावापुढे हजेरीची तिरकी रेघ मारायची, ही शाळेची रीत होती. धम्मदिनाबाई आल्या तेव्हाही ती चालू होती. त्यांनी ती मोडली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी हरेश तरे शाळेत आला. शाळा व्यवस्थापन समितीचा तो अध्यक्ष. त्याची मुलगी ऋतिका सहावीत होती.

“मॅडम, मानकोलीला आमच्या भाच्याची हलद हाय. उद्या न परवा पोरां न्हाय येनार.”

“सगळीच?”

“अर्धा गाव चाललाय. तुमी पन या. तुमी आल्या तर डीजे सांगायची गरज न्हाय.”

मुख्याध्यापक काळूराम भोईर हसले. बाईही हसल्या. “परीक्षा तोंडावर आलीय, हरेशभाऊ.”

“पोरां हुशार हायेत. हजेरीचं तेवढं सांभाळून घ्या. मागच्या वेलेला घेतलंत तसं.”

तो गेल्यावर भोईर सर म्हणाले, “लावून टाका. कोण बघतंय?”

मंगळवारी वर्गात पाच मुलं होती. बाईंनी अपूर्णांकांची उजळणी घेतली. मधल्या सुट्टीत त्यांनी मोबाइल उघडला. करिष्मा ही ऋतिकाची आतेबहीण, त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिच्या व्हॉट्सॲप स्टेटसला मांडवातला व्हिडिओ होता. पिवळ्या ड्रेसमधली ऋतिका स्पीकरसमोर नाचत होती. बाईंनी तो भोईर सरांना दाखवला. “ही बघा आमची हजर मुलगी.” दोघं हसले. दुपारच्या सत्रात बाईंनी हजेरीपत्रक उघडलं आणि चौदा नावांपुढे चौदा रेघा मारल्या. चोवीस तासांनी ते स्टेटस आपोआप गेलं.

गुरुवारी मुलं परत आली. ऋतिका खिडकीजवळच्या तिच्या जागेवर बसली होती. तिच्या डावीकडून बाईंनी हाक मारली. पहिल्या हाकेला ती हलली नाही. दुसऱ्या हाकेला मान आधी खिडकीकडे गेली आणि मग बाईंकडे वळली.

बाईंनी तिला कार्यालयात नेलं. डाव्या कानाजवळ बोटं चोळून पाहिली. ऋतिका समोरच्या नकाशाकडे पाहत राहिली. कानाच्या तोंडाशी काळपट सुकलेलं रक्त होतं.

“काय झालं गं?”

“काय न्हाय.”

“पडलीस? कुणी मारलं?”

ती चपलेचा अंगठा दाबत राहिली. बाईंनी तिच्या आईला, भावनाला फोन केला. “आजच्या आज कानाच्या डॉक्टरांना दाखवा. उद्यावर ढकलू नका.” विसरायला नको म्हणून मुलीच्या वहीत तेच लिहून खाली सही केली.

भावनाने ऐकलं. त्याच संध्याकाळी ती ऋतिकाला घेऊन भिवंडीतल्या डॉक्टरांकडे गेली. हरेश बरोबर होता. कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? सहसा मार लागल्याशिवाय असं होत नाही, आणि लहान मुलाला मार लागला असेल तर पोलिसांना कळवावं लागतं, असंही ते म्हणाले. हरेश दाराशी उभा होता. भावनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “शालेत. बाईंनी मारलं. परवा.”

त्या मंगळवारी मांडवात काय झालं ते तिथे असलेल्या तिघांनी वेगवेगळं भेटून सारखंच सांगितलं. कागदावर सही मात्र एकानेही दिली नाही. दुपारी अडीचच्या सुमारास डीजेवाले आवाज तपासत होते. हरेश दुपारपासून पीत होता. त्याने ऋतिकाला तीन हाका मारल्या. ती स्पीकरच्या पुढ्यात होती, तिला त्या ऐकू गेल्या नाहीत. ऐकत नाही म्हणून तो उठून गेला आणि कानाखाली मारली.

शुक्रवारी पोलिस ठाण्यातून फोन आला. त्याच दुपारी चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आसपासच्या गावांच्या ग्रुपवर फिरू लागला. त्यात ऋतिकाचा कापूस घातलेला कान, मग शाळेची पाटी आणि शेवटी धम्मदिनाबाईंचा स्वातंत्र्यदिनाचा फोटो. फोटोत त्यांचं तोंड उघडं आहे. त्या घोषणा देत होत्या. ‘हिचा आवाज ऐका’ असं खाली लिहिलं होतं. त्याखाली एकाने लिहिलं, ‘आडनाव बघा, मग कलंल.’ त्याला अठ्ठेचाळीस अंगठे आले.

शनिवारी सकाळची शाळा. साडेआठला फाटकापाशी साठेक माणसं जमली. भोईर सरांनी बाईंना कार्यालयात बसवून बाहेरून कडी लावली. हे त्यांच्याच भल्यासाठी, असं त्यांनी दाराआडून सांगितलं. बाहेरून आवाज येत होते.

“शिकवायला ठेवलीय का मारायला?”

“बाहेर काढा तिला. आमी पन हजेरी घेतो तिची.”

दोन तासांनी आवाज एकदम थांबले. कडी निघाली आणि केसरीनाथ तरे आत आले. हरेशचे वडील, माजी सरपंच. त्यांनी एका हाताने गर्दी मागे सारली होती. खुर्ची ओढून ते बाईंच्या समोर बसले, पाणी मागितलं, प्यायले.

“मॅडम, मी भांडाया आलो न्हाय. माफी मागा. चूक झाली म्हना. बदली आमी करून देतो. पोलिसांचं पन मिटवू.”

“काका, मी तिला हात लावलेला नाही. मंगळवारी ती शाळेत नव्हतीच. मानकोलीला होती. तुम्हीही होतात.”

“अशी कशी नव्हती?” त्यांनी भोईर सरांकडे हात केला. “हजेरी आना बघू सहावीची.”

भोईर सरांनी हजेरीपत्रक आणून दिलं. केसरीनाथांनी खिशातून चष्मा काढला, सावकाश पानं उलटली आणि ऋतिकाच्या नावावरून बोट सरकवत मंगळवारवर आणलं.

“ही रेघ कोनाची?”

बाईंनी पानाकडे पाहिलं. रेघ त्यांचीच होती.

“म्हातारा झालो मी, मॅडम. पन रेघ दिसते मना.” त्यांनी पत्रक मिटलं आणि टेबलावर सरळ ठेवलं. “विचार करा. गाव मोठा हाय.”

सोमवारी पोलिसांनी हजेरीपत्रकाच्या त्या पानाची प्रत नेली. मुलाला क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा दाखल झाला. बाईंना कोर्टातून जामीन मिळाला.

आता मोजून दोनच रस्ते होते. हजेरीपत्रक खरं म्हणायचं, तर मंगळवारी ऋतिका त्यांच्या वर्गात होती आणि तिला मार बसला तोही तिथेच. हजेरीपत्रक खोटं म्हणायचं, तर नऊ मुलांची खोटी हजेरी लावल्याचं स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं, आणि त्या दिवशी नऊ मुलांच्या नावावर शिजलेली दाखवलेली खिचडीही. एका रस्त्याने तुरुंग, दुसऱ्याने नोकरी.

त्या दिवशी वर्गात खरोखर असलेली पाच मुलं होती. बाईंचा नवरा मिथुन मानकोलीच्या एका गोदामात इलेक्ट्रिशियन आहे. तो चाळीत जाऊन त्या मुलांच्या घरी भेटला. चौघांनी दार अर्धंच उघडलं. पाचव्या घरातल्या माणसाने त्याला आत घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, “भाईसाब, मैडम ने मेरी बेटी को पढ़ना सिखाया है. मगर यह खोली किसकी है, मालूम है ना?”

खोली हरेशची होती. पाचही खोल्या त्याच्याच होत्या. पोलिसांनी मुलांना विचारलं तेव्हा पाचही जणांनी आठवत नाही असं सांगितलं. पुढच्या आठवड्यात मिथुनच्या कंत्राटदाराने त्याची ड्युटी बदलून लांब पडघ्याला टाकली. कारण विचारलं तर म्हणाला, “ऊपर से आया है.” कामतघरला ते राहतात त्या इमारतीखाली एक पांढरी गाडी तीन दिवस उभी होती. कुणी उतरलं नाही, कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी ती नव्हती. तेव्हापासून मिथुन खिडकीत जाऊन खाली बघतो, गाडी असो वा नसो.

भोईर सर मे महिन्यात निवृत्त होणार होते. ते एकदा बाईंच्या घरी आले, चपला हातात घेऊनच दारात उभे राहिले.

“मॅडम, हजेरीचं बोलू नका. खाली माझी सही आहे.”

“सर, तुम्ही स्टेटस पाहिलं होतंत. आपण दोघांनी पाहिलं.”

“कुठलं स्टेटस?” ते म्हणाले. मग खाली बघत, “माझं पेन्शन अडकेल हो. मारल्याचं कोर्टात टिकत नाही. दहा वर्षं चालेल आणि सुटाल. हे मात्र लगेच लागतं.”

हिशेब चुकीचा नव्हता. बाईंच्या वकिलांचंही जवळपास तेच मत होतं. वकिलांनी आणखी एक सुचवलं. त्या व्हिडिओखालची आडनावाची ओळ घेऊन जातीवरून छळाची उलट तक्रार करता येईल, समोरचे नरम पडतील. बाई म्हणाल्या, ती ओळ लिहिणाऱ्यावर जरूर करू. पण पोरीच्या कानाचं उत्तर त्यात नाही.

मार्चमध्ये भिवंडीच्या भाजी बाजारात भावना त्यांच्यासमोर आली. दोघींच्या हातात पिशव्या होत्या. भावनाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आजूबाजूला बघितलं.

“कशी आहे ऋतिका?” बाईंनी विचारलं.

“बरी हाय. ऑपरेशन सांगितलंय.” मग ती घाईने बोलत सुटली. “मना वाटलं कागदावरच राहील, मॅडम. डॉक्टरनी विचारलं, तोंडात आलं ते बोलले. तुमी सरकारी मानसं. तुमची फार तर बदली झाली असती. आमचं घर मोडलं असतं.”

“तुम्हाला दवाखान्यात मी पाठवलं होतं.”

“म्हनून तर तुमचंच नाव आलं ना तोंडात,” भावना म्हणाली. यात तिला काही विचित्र वाटलं नाही. “तुमची हजेरी व्हती ते तर आमाला मागनं आठवलं. हे बोलले, काय टेन्शन न्हाय, मॅडमनी लावलीय.”

ती गर्दीत शिरली. बाईंनी मागून हाक मारली. आवाज मोठा होता. तीन गाड्यांवरची माणसं वळून पाहू लागली. भावना वळली नाही.

खात्याची प्राथमिक चौकशी एप्रिलमध्ये झाली. चौकशी अधिकाऱ्यांनी आधी ऋतिकाला बोलावलं. बरोबर केसरीनाथ होते. मुलगी आजोबांच्या डावीकडे बसली, उजवा कान त्यांच्या बाजूला येईल अशी. मंगळवारी तू शाळेत होतीस का, असं विचारल्यावर तिने उत्तर दिलं, “व्हते. बाईंनी नाव घेतलं, मी हजर बोलले.” अधिकाऱ्यांनी हजेरीपत्रक पाहिलं. जुळत होतं.

मग धम्मदिनाबाईंना आत बोलावलं. त्यांनी दोन पानी लेखी जबाब आणला होता. त्यात नऊ नावं होती, प्रत्येक नावापुढे ‘गैरहजर’. गेल्या सहा वर्षांत कोणत्या हळदींना आणि कोणत्या लग्नांना अशी हजेरी लावली, तेही आठवेल तेवढं लिहिलं होतं. शेवटचं वाक्य होतं : ‘हजेरीपत्रकातील रेघ माझी आहे व ती खोटी आहे.’

अधिकाऱ्यांनी दोन्ही पानं वाचली.

“म्हणजे तुम्ही सहा वर्षं खोट्या नोंदी केल्या.”

“हो.”

“हा व्हिडिओ, ज्यात मुलगी नाचतेय?”

“स्टेटस होतं. चोवीस तासांनी जातं. जिने टाकलं ती आता माझा फोन उचलत नाही. भोईर सरांनी पाहिलंय.”

“भोईर सरांनी लिहून दिलंय की त्यांना आठवत नाही.” अधिकाऱ्यांनी पानांना टाचणी लावली. “बाई, हजेरीवर तुमची सही आहे, यावरही आहे. मी कुठली खरी धरू?”

बाई म्हणाल्या, “जी सही करताना मला माझं नुकसान दिसत होतं, ती धरा.”

अधिकाऱ्यांनी हे वाक्य टिपणात घेतलं नाही. तीन दिवसांनी निलंबनाचा आदेश आला. त्यात कारणं दोन होती, विद्यार्थिनीस मारहाण आणि शासकीय अभिलेखात खोट्या नोंदी. एक खरं असेल तर दुसरं त्या दिवसापुरतं खोटं ठरतं, हे आदेशात कुठे आलं नाही. भोईर सर मेमध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभाचं अध्यक्षपद हरेश तरेकडे होतं.

निलंबित कर्मचाऱ्याला मुख्यालय नेमून देतात. बाईंना शेजारच्या तालुक्यातलं एक कार्यालय दिलं. रोज सकाळी तिथे जाऊन हजेरी द्यायची, असं आदेशात होतं. जून उलटला, जुलै उलटला. त्या सातला घरून निघतात, दोन एसट्या बदलतात आणि पावणेदहाला पोचतात. काम काहीच नसतं. रजिस्टर मितेश नावाच्या लिपिकाच्या टेबलावर असतं. सही करून त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसतात. मितेश तिशीतला, बोलघेवडा मुलगा आहे. पहिल्या आठवड्यापासून तो त्यांना चहा विचारतो.

“मॅडम, रोज कशाला एवढं धावता? आठवड्यातनं एकदा या, पाच सह्या ठोका. सगळे सस्पेंडवाले तसंच करतात.”

“नको.”

“तुम्ही पण ना. कोण बघतंय?”

“मी रोज येईन,” बाई म्हणाल्या. “उगाच काही लावू नका.”

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सलग दोन दिवस पावसाने रस्ता तुंबला. सोमवारी एसटी दीड तास अडकली. बाई सव्वाअकराला पोचल्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मितेशने त्यांना पाहून हसत हात वर केला.

“टेन्शन नका घेऊ. सांभाळून घेतलंय.”

त्यांनी रजिस्टर उघडलं. त्यांच्या नावापुढे सोमवारची सही झालेली होती. वळण त्यांचंच, अगदी नीट उचललेलं. मंगळवारचीही होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, एका ओळीत पाच सह्या.

“आठवडाभर आराम करा,” मितेश म्हणाला. “पावसाचं कुठे येता?”

बाईंनी पिशवीतून कोर्टाचा कागद काढून पाहिला. तारीख त्यांना पाठ होती, तरीही पाहिली. गुरुवार. सकाळी अकरा, भिवंडी. त्या दिवशी आरोप निश्चित व्हायचे होते आणि आरोपीने जातीने हजर राहायचं होतं. त्या दिवसाची रजा त्यांनी लेखी मागितली होती. तो अर्ज इथेच, याच टेबलावर दिला होता. तो कुठे आहे असं विचारल्यावर मितेशने दोन फायली हलवल्या आणि म्हणाला, असेल इथेच.

गुरुवारी अकरा वाजता त्या कोर्टात असणार होत्या, आणि त्याच वेळी चाळीस किलोमीटरवर त्यांच्या सहीने हजर असणार होत्या.

“हे खोडा,” बाई म्हणाल्या.

“रजिस्टरमध्ये खाडाखोड? मला घरी बसवाल.” तो हसला. “जाऊ द्या ना मॅडम. भल्यासाठी केलं.”

बाईंनी मोबाइल काढला. रजिस्टर सरळ केलं, पानावरची तारीख आणि भिंतीवरचं घड्याळ एकत्र येईल असं धरलं आणि फोटो घेतला. मग नुसत्या पाच सह्यांचा जवळून आणखी एक.

मितेशचं हसू गेलं.

“फोटो कशाला काढला?”

बाईंनी मोबाइल पिशवीत ठेवला. त्याने रजिस्टर त्यांच्या हाताखालून ओढून घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि किल्ली फिरवली. मग मोबाइल घेऊन तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून कुणाशी तरी बोलू लागला. बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या. चहावाला आला, सगळ्या टेबलांवर पेले ठेवले आणि व्हरांड्यात न येता परत गेला. आतलं बोलणं हळू आवाजात चाललं होतं. त्यात आपलं नाव दोनदा आलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

सोमवारची सही त्यांची नव्हती. सोमवार तरी खरा व्हावा म्हणून त्या पाच वाजेपर्यंत तिथून उठल्या नाहीत.